कडेची माती

विशालच्या मानेवर माती पडली. मूठभरसुद्धा नाही, चहाच्या कपात मावेल एवढी. तो खड्ड्यात वाकून सळ्या बांधत होता. मागची मातीची भिंत उभीच्या उभी, त्याच्या डोक्याच्याही बरीच वर गेलेली. तिला कुणी हात लावला नव्हता, वारा नव्हता, पोकलेन बंद होतं, तरी ती माती आपणहून सुटली आणि सुर्र करून त्याच्या कॉलरच्या आत गेली. "आयला," म्हणत त्याने सदरा झटकला, शेजारचा हसला, तोही हसला आणि पुन्हा तारेचा पीळ आवळायला लागला. झालं ते एवढंच. पण वर काठावर कागदी कप घेऊन उभ्या असलेल्या मृणालीच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला. तिला वाटलं, आपल्याच पाठीवरून काहीतरी थंड खाली उतरतंय. ती त्या भिंतीकडे बघत राहिली. जिथून माती सुटली होती तिथे एक ओलसर, काळपट खळगा उरला होता. तो अगदी क्षुल्लक दिसत होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

वरसे गाव रोह्याला लागून. आता गाव कुठे संपतं आणि रोहा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. धाटावच्या कंपन्यांतली माणसं इथे घरं घेतात, शिफ्ट सुटली की दुचाकींची रांग वळते ती इकडेच. अशाच माणसांसाठी हैबतराव इथे चार मजले बांधत होते आणि मृणाली त्यांची साइट इंजिनीअर. कॉलेजातून बाहेर पडल्यावर पेणमधल्या तीन-चार बिल्डरांनी तिला ऑफिसात बसायचं काम देऊ केलं होतं. साइटवर उभं केलं ते हैबतरावांनीच. "उन्हात उभी राहशील ना?" एवढंच विचारलं होतं त्यांनी. ते ती विसरली नव्हती, आणि म्हणूनच गेला आठवडाभर ती जे बोलायला हवं होतं ते निम्मंच बोलत आली होती. ही जमीन म्हणजे मुळातलं भातशेत. त्यावर मुरमाचा भराव पडून काही पावसाळे गेलेले. बांधकामाआधी माती तपासायला खड्डे घेतले ते रस्त्याकडेला, तिथे हाताभरावर कडक मुरूम लागला आणि सगळ्या जागेला तोच मुरूम समजून काम सुरू झालं. मागचा कोपरा मात्र ओढ्याकडचा, मुळातच सखल. तिथे वर तांबडा भराव, खाली शेताची काळी चिकण माती, आणि दोहोंच्या मधल्या सांध्यातून परतीच्या पावसाचं पाणी अजून झिरपत होतं. "साहेब, मागच्या बाजूला थोडा उतार देऊन खणू," ती म्हणाली होती. "बघू," ते म्हणाले होते. उतार दिला असता तर कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची जागा खाल्ली गेली असती, सामान ठेवायला जागा उरली नसती. मग खड्डा सरळ उभा खणला गेला, निघालेली माती त्याच्याच कडेला ढीग करून टाकली गेली, आणि तो ढीग आता तिच्या डाव्या हाताला हत्ती बसावा तसा बसला होता.

चिकण माती तिच्या ओळखीची. लहानपणी सुट्टीत ती पेणला मावशीच्या गणपतीच्या कारखान्यात जायची. मोठी माणसं साच्यात शाडू दाबायची आणि पोरांना उरलेला गोळा मिळायचा. त्याचे साप वळायचे. पाणी जास्त झालं की साप हाताला चिकटायचा, कमी झालं की तुकडे पडायचे. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी काचेवर मातीची बारीक दोरी वळायला लावली, कुठल्या ओलाव्याला ती तुटते ते बघायचं म्हणून, तेव्हा बाकीची मुलं चिडचिड करत होती आणि मृणालीची बोटं आपोआप वळत होती. हेच शिक्षण असेल तर आपण बालवाडीतच इंजिनीअर झालो होतो, असं वाटून तिला हसू आलं होतं. आत्ता तिने ढिगाच्या पायथ्याचा एक गोळा उचलला आणि तळव्यांमध्ये वळला. दोरी झाली. लांब, गुळगुळीत, चकाकणारी. तुटायचं नाव नाही. म्हणजे पोटात पाणी घेऊन बसलेली माती. ती अशी उभी राहते, कापली की चाकूने कापल्यासारखी सुंदर दिसते, बघणाऱ्याला विश्वास वाटतो. आणि मग कधीतरी तिच्या मनात येतं आणि ती कोसळते.

ती ढिगाला वळसा घालून पलीकडच्या मोकळ्या कडेला गेली. तिथे कुणी जात नसे, गवत वाढलं होतं. गवतातच तिला भेग दिसली. खड्ड्याच्या कडेला समांतर, कडेपासून हातभर मागे, कुणी दोरी धरून आखावी तशी. तिने वाकून काडी आत सोडली. काडी गेली. थोडी लांब काडी शोधली, तीही गेली. तिच्या कानात एकदम काही वाजेनासं झालं. रस्त्यावरून टँकर जात होते, खाली पंप पाणी उपसत होता, आणि तिला मात्र फक्त गवतातला एक किडा ऐकू येत होता. उन्हाने वाळलेली वरची भेग असेल, ती स्वतःला म्हणाली. परवापासून ऊन कडक आहे. अशा भेगा पडतातच. पण वाळल्याच्या भेगा सगळीकडे पडतात, जाळीसारख्या. त्या अशा एकाच सरळ रेषेत कडेच्या सोबतीने चालत नाहीत. ही भीती आहे की माहिती आहे, हे तिला स्वतःलाच धड कळेना. आणि कळेपर्यंत थांबायला वेळ नाही, हे मात्र स्वच्छ कळलं.

"वर या सगळे," ती काठावर येऊन म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. तिने पुन्हा म्हटलं, या वेळी छातीतून. "विशाल, सळ्या सोडा. शिडीने एकेक वर या. आत्ता. त्या भिंतीच्या बाजूने नका येऊ, मधून या."

मुकादम पोपट पलीकडून धावत आला. "काय झालं मॅडम? जनावर निघालं काय?"

"मागे भेग पडलीय. बाजू सुटतेय."

"आवो, भेगा काय, पडतातच. दुपारी काँक्रीटच्या गाड्या येनार हायत. दोन जाळ्या बांधायच्या बाकी हायत."

"माणसं वर घ्या, पोपटभाऊ."

माणसं वर आली. विशाल सगळ्यात शेवटी आला. तो जवळच्या खांब गावचा, तिच्याच वयाचा, घरी लहान मुलगी. वर आल्यावर त्याने तिच्याकडे उपकाराने वगैरे पाहिलं नाही, वैतागून पाहिलं. जाळ्या झाल्याशिवाय आजचा रोज पुरा होणार नव्हता. माणसं आंब्याच्या सावलीत बसली, कुणी तंबाखू मळायला घेतली. पोपटने बाजूला जाऊन हैबतरावांना फोन लावला. ते पेणहून निघालेच होते.

ते येईपर्यंत करण्यासारखं तिला काही नव्हतं. ढिगाजवळ कुणी जाऊ नये म्हणून दोन बांबू आडवे टाकून झाले. पंप चालू राहील एवढं बघून झालं. पोकलेनचा रितेश आपल्या केबिनमध्ये पाय वर घेऊन बसला होता, त्याला मशीन कडेपासून लांब घ्यायला सांगून झालं. मग ती उभी राहिली आणि तिला बाबा आठवला. पेणच्या खारेपाटातलं तिचं गाव, खाडी आणि शेतं यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. उधाणाला खाडीचं पाणी शेतांपेक्षा उंच चढतं, आणि बांधाला खांड गेली, भगदाड पडलं की खारं पाणी आत. मग वर्षानुवर्षं भात नाही. जनूकाकाच्या मुलीची, किमयाची हळद होती त्या दिवशीची गोष्ट. ती सहावीत असेल. मांडवात बेंजो रंगात आला होता, सगळं गाव पिवळं झालं होतं, आणि बाबा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला मांडवात घुसला आणि त्याने बेंजोवाल्याचा हातच धरला. बांधाच्या आतल्या अंगाला पाणी पाझरतंय, तो ओरडला, आणि गढूळ पाझरतंय! नितळ पाझरलं तर चालतं. गढूळ म्हणजे पाणी बांधाची माती सोबत घेऊन निघालंय. पुरुष तसेच नव्या कपड्यांत, हळदीच्या तोंडांनी बांधावर धावले, मातीच्या ढेपा वाहिल्या, गवताच्या पेंढ्या कोंबल्या, बायकांनीसुद्धा पदर खोचून पाट्या टाकल्या. भरती चढली, थांबली, उतरली. बांधाला काही झालं नाही.

काही झालं नाही, हीच तर खरी गंमत. परत येईपर्यंत जेवण निवलेलं, मांडवभर चिखल, बेंजोवाले गेलेले. कान्हूने, म्हणजे बाबाने, हळद नासवली, असं पुढे कितीतरी वर्षं गावात चाललं. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणायचंच, "कान्हूला बसवा, पन बांधाकडे तोंड करून नको!" आणि पंगत हसायची. बांध तसाही टिकलाच असता, असंही म्हणणारे होते, आणि त्यांना खोटं ठरवायचं कसं? बाबा हसण्यात हसून घ्यायचा. मृणालीला मात्र रडू यायचं आणि ती मनात म्हणायची, फुटू दे एकदा तो बांध. थोडासाच. लांब कुठेतरी, कुणाचं शेत नसेल तिथे. फुटू दे, म्हणजे माझा बाबा खरा होईल.

तिने फोन लावला. "बोल गो," पलीकडून बाबा म्हणाला.

"काय नाय. असाच केला. जेवलास काय?"

"नाय अजून. तुजी आई जवला आनाला गेलीय. पावटा पेरलाय औंदा मागच्या शेतान, चांगला रुजलाय. तू कामावर हायस ना? मंग ह्या वेलेला कसा फोन केलास?"

"असाच रं."

"बरा. उन्हान उभी राहू नको." त्याने फोन ठेवला. तिने त्याला काहीच विचारलं नव्हतं, त्याने काहीच सांगितलं नव्हतं, तरी पायांखालची जमीन जराशी घट्ट लागली. तिने मान वळवून खड्ड्याकडे पाहिलं आणि तिच्या मनात स्पष्ट शब्द उमटले: आत्ता पडू दे. आत्ता आत कुणी नाही. साहेब यायच्या आत पडू दे. ते शब्द ऐकून ती दचकली. सहावीतली ती मुलगी अजून इथेच उभी होती, हेल्मेट घालून.

हैबतराव गाडीतून उतरले ते सरळ मागच्या कोपऱ्यात गेले. त्यांनी भेग पाहिली, चष्मा वर करून पुन्हा पाहिली. मोठा माणूस, पांढरा शर्ट, उभं आयुष्य साइटवर गेलेलं. "ही?" त्यांनी विचारलं. "मृणाली, ही? मी याच्यापेक्षा मोठ्या भेगा बघून वर इमारती उभ्या केल्यात."

"साहेब, खाली चिकण माती आहे, सांध्यात पाणी आहे, आणि वर आपण ढीग ठेवलाय. सकाळी भिंतीतून माती सुटली. कापून उतार द्यायला हवा. आजच."

"आज काँक्रीट आहे. गाड्या प्लँटवरून निघतील आता. आज ओतून घे. उद्या काय कापायचं ते काप."

"ओतायचं तर माणसं खाली हवीत."

हैबतरावांनी बांबू ओलांडला आणि भेगेच्या पलीकडे, कडेच्या त्या हातभर पट्टीवर जाऊन उभे राहिले. "साहेब!" ती ओरडली. त्यांनी पाय उचलला आणि जमिनीवर जोरात आपटला. पुन्हा आपटला. त्यांच्या बुटाखाली गवत दबलं. खालच्या भिंतीवरून दोन-चार खडे सुटले आणि पाण्यात डुबुक डुबुक झाले. बस. सावलीतली माणसं उठून उभी राहिली होती. मघाशी जे मागितलं होतं ते आता मृणाली जीव खाऊन परत घेत होती. नको, नको पडू. थांब. हैबतराव आणखी एकदा पाय आपटून मागे फिरले, बांबू ओलांडून तिच्यासमोर आले. "बघितलंस?"

बघितलं होतं. सगळ्यांनीच बघितलं होतं. सावलीत कुणीतरी हसलं. "चला रे," पोपट म्हणाला, "उतरा." विशाल हातमोजे चढवत शिडीकडे निघाला. आणि त्या क्षणी मृणालीला आतून एक विचित्र मोकळेपणा वाटला. माती तिच्या बाजूने साक्ष द्यायला येणार नव्हती. कुणीच येणार नव्हतं. मग वाट कुणाची बघायची? ती विशालच्या आधी शिडीपाशी पोचली, वरचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. शिडी जड होती, चिखलात रुतलेली. दुसऱ्या हिसक्याला ती सुटली. हातभर हातभर करत तिने ती वर घेतली, गवतात आडवी टाकली आणि तिच्यावर उभी राहिली. श्वास लागला होता. "कुणी उतरणार नाही," ती म्हणाली.

"मॅडम, काय नाय होत," विशाल हळूच म्हणाला. तो तिची समजूत घालत होता.

"नाही होणार कदाचित."

"मग?"

"तरी नाही उतरायचं."

हैबतराव तिच्याकडे बघत होते. रागावले तर ते ओरडत नसत, आवाज खाली जाई. "मृणाली, हे असं चालणार असेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या बघू साहेब. ही बाजू कापून होईपर्यंत आज मी इथंच आहे." आणि मग, बोलता बोलताच तिला सुचलं, "गाड्या आपल्या खांबच्या साइटला वळवा. तिथल्या पायाच्या जाळ्या परवाच बांधून झाल्यात, मी बघितल्यात. तिथं पुढच्या आठवड्यात ओतायचंच आहे. काँक्रीट वाया जात नाही, पोपटभाऊंची माणसंही टेम्पोने तिकडे जातील, त्यांचा रोज बुडत नाही. इथं फक्त रितेश आणि मी."

हैबतरावांनी खिशातून फोन काढला, तिच्याकडे पाठ केली आणि प्लँटच्या माणसावर जे तोंडसुख घेतलं ते अर्थातच प्लँटच्या माणसासाठी नव्हतं. शेवटी म्हणाले, "हां. खांब. खांबला घ्या गाड्या." फोन ठेवून ते गाडीत बसले. काच वर करायच्या आधी रितेशला म्हणाले, "त्या सांगतील तसं काप." मृणालीकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुपारभर पोकलेन चाललं. आधी ढीग हलवला, लांब, रस्त्याच्या बाजूला. मग मशीन भेगेच्या बरंच मागे उभं करून वरून पहिला टप्पा कापला, मग दुसरा, खालचा. भिंतीचा ताठा मोडला आणि ती मागे रेलून बसलेल्या माणसासारखी दिसायला लागली. पहिल्या बकेटबरोबरच ती भेग जायला लागली होती. मृणाली सुरक्षित बाजूने शक्य तेवढी वाकून बघत होती. केवढी खोल होती? खाली चिकण मातीत सरकल्याची खूण आहे? एके ठिकाणी तिला एक चकाकता, गुळगुळीत पृष्ठभाग दिसला. "थांब!" तिने हात वर केला, बाजूने खाली उतरून बोट फिरवलं. गार, साबणासारखा. माती मातीवरून घसरली तर अशी होते. पण पोकलेनचं बकेट चिकण मातीतून फिरलं तरी ती अशीच होते, आणि बकेट तर आत्ताच इथून गेलं होतं. ती बोट तसंच ठेवून उभी राहिली. आपण आपल्याच हुकमाने आपलाच पुरावा उचलून टाकतोय, लांबच्या ढिगात मिसळून देतोय. बाबानेही त्या दिवशी हेच केलं होतं. गढूळ पाण्याच्या तोंडावर स्वतःच ढेप दाबली होती. लहानपणी जे तिला सहन व्हायचं नाही ते, बांध टिकला की आपण खोटे ठरणार हे, त्याने मांडवात शिरायच्या आधीच कबूल करून टाकलेलं असणार. तिने बोट पँटला पुसलं. "चालू दे," ती रितेशला म्हणाली.

संध्याकाळी धाटावची शिफ्ट सुटली तेव्हा काम आटोपलं होतं. दोन शिड्या लावून झाल्या, कडेने दोरी बांधून झाली. रितेश मशीन बंद करून खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून त्या उताराकडे बघत म्हणाला, "मॅडम, पोरांना घसरगुंडी झाली बघा." दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नाव साइटभर झालं होतं. मॅडमची घसरगुंडी. ती आली तेव्हा आंब्याखालून तिला ते ऐकू आलं. येऊ नकोस असं काल ज्यांनी सांगितलं होतं त्यांची गाडी फाटकातच उभी होती. ती गाडीच्या बाजूने पुढे गेली, हेल्मेट डोक्यावर चढवलं, आणि शिडीने खाली उतरून जाळ्यांची पातळी तपासायला लागली. कुणी तिला अडवलं नाही. विशाल आणि त्याचा जोडीदार उरलेल्या जाळ्या बांधत होते. पंपाने तळ कोरडा केला होता. वर बघितलं तर आता मातीपेक्षा आभाळ जास्त दिसत होतं.

काँक्रीटची गाडी आली, मागे मागे घेत काठापासून लांब थांबली, काँक्रीट खाली सोडायची पन्हळ जोडली गेली. हैबतराव दोरीपाशी येऊन उभे होते. त्यांनी उतार पाहिला, वरून खालपर्यंत, आणि मग खाली तिच्याकडे पाहिलं. हाक मारावी की नाही असं काही वेळ त्यांच्या चेहऱ्यावर चाललं होतं.

"मृणाली."

"साहेब."

"पडली असती का गं खरंच?"

खड्ड्यातली माणसं हात थांबवून बघायला लागली. तिला हो म्हणता आलं असतं. आता सगळे मानायला तयार होते. एक होकार, आणि घसरगुंडीचं नाव दुपारपर्यंत पुसलं गेलं असतं. तिने आत शोधून पाहिलं. ते म्हणायची कसलीही ओढ तिथे उरलेली नव्हती.

"माहीत नाही, साहेब," ती म्हणाली आणि विशालला बाजूला सरकायला सांगून तिने पन्हळीवरच्या माणसाला हात केला. "सोडा."